‘जर्मनीत फिजिक्स फुकट’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास फिरतो : “मुलांना फिजिक्सची आवड आहे? इथे वर्षं वाया घालवू नका. रँकिंगमधल्या पहिल्या पन्नासातली युनिव्हर्सिटी धरा. जर्मनीत तर सगळं फुकट, बारावीच्या मार्कांवर थेट प्रवेश.” मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतोय. परवा कळव्याचे एक पालक हाच मेसेज दाखवत मुलीला घेऊन घरी आले. कर्ज काढायच्या तयारीत होते, म्हणून हे लिहितोय.

आधी ‘फुकट’चं बघू. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून आपल्या मुलांना सत्राला १५०० युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून पदवीला सत्रामागे २००० किंवा ३००० युरो लावलेत. शिवाय व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे ११,९०४ युरो आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, भरून दाखवावे लागतात. फुकट म्हणवणाऱ्या शिक्षणाची ही पहिली पायरीच दहा लाखांच्या वर जाते.

‘थेट प्रवेश’ही तसाच. नुसत्या बारावीवर तिथे सहसा घेत नाहीत. आयआयटीची जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास हवं, किंवा इथे पदवीचं एक वर्ष पूर्ण हवं. नाहीतर आधी श्टुडिएनकोलेग, म्हणजे वर्षभराची पूर्वतयारी आणि तिची परीक्षा. पदवीचं फिजिक्स बहुतेक ठिकाणी जर्मनमधूनच शिकवतात. लाइपझिगसारखा इंग्रजी अभ्यासक्रम विरळा.

आता रँकिंग. याच मुद्द्यावर पालक सगळ्यात जास्त फसतात. जगभरच्या विद्यापीठांच्या शांघाय रँकिंगच्या यादीत ३० टक्के गुण विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या नोबेल-फिल्ड्ससारख्या पारितोषिकांचे, २० टक्के ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मधल्या शोधनिबंधांचे. पहिल्या वर्षाच्या मुलीला मेकॅनिक्स कोण शिकवणार, तिचं प्रॅक्टिकल कोण तपासणार, याला त्यात जागाच नाही.

‘इथे वर्षं वाया’ हे वाक्य वाचून मला खरंच वाईट वाटतं. कलिन्याला, लोकलच्या अंतरावर, मुंबई विद्यापीठाच्या आवारातल्या सीईबीएस या मूलभूत विज्ञानाच्या केंद्रात पाच वर्षांचं एमएस्सी होतं. नेस्ट ही एकच प्रवेश परीक्षा दिली की तिथला आणि भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञान संस्थेचाही रस्ता उघडतो. पुण्याला आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था आहे. तिथून पुढे अमेरिकेत पीएचडीला गेलं, तर फिजिक्समध्ये फी माफ होऊन वर स्टायपेंड मिळतो, हीच तिथली रीत.

ती मुलगी तासभर गप्प होती. निघताना तिने विचारलं, “सर, तिथे प्रॅक्टिकलला एका सेटवर किती जण असतात?” तिच्या कॉलेजात चौघांत एक पोटेन्शिओमीटर. तारेवर टेकवायची जॉकी कायम दुसऱ्याच्या हातात, ही फक्त जर्नलात रीडिंग उतरवायची. वडील मेसेज पुन्हा वाचायला लागले. मी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला आणि हाच प्रश्न तिने निवडलेल्या चारही फिजिक्स विभागांना तिच्याकडूनच लिहून घेतला.