नमस्कार ताई, डबा जुना नव्हता

ताई, २१ दिवस कोलॅजन (त्वचेत असणारं एक प्रथिन) पावडर घेऊनही चेहऱ्यावरचे वांग तसेच आहेत, पावडरीच्या गाठी झाल्या, जुना माल गळ्यात मारला आणि डबा परत घेतला नाही, असं तुम्ही ऑनलाइन लिहिलंत आणि आमच्या दुकानाला एकच तारा दिलात. काउंटरवरचा मुलगा तुमच्याशी तोडून बोलला, ते चुकलंच. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण ‘जुना माल’ हे शब्द फार लागले. जळगावात आता लोक आधी मोबाइलवर तारे बघतात, मग दुकानाची पायरी चढतात. तुमच्या बिलावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेली आहे, डब्यावरही तीच आहे. ताडून बघा. मुदत संपायला अजून १४ महिने बाकी आहेत, आणि सील तुमच्या घरी फुटलं.

गाठींचं कारण वेगळं आहे. ही पावडर हवेतला ओलावा ओढून घेते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो आणि घरोघरी पाण्याचे कूलर दिवसरात्र चालतात. डबा कूलरशेजारच्या फळीवर असतो आणि ग्लासात ढवळलेला चमचाच परत डब्यात जातो, हे तुम्हीच काउंटरवर सांगितलंत. आतली सिलिका जेलची पुडीही काढून टाकलेली होती. अशाने कालच पॅक झालेला डबासुद्धा दगड होईल. स्कूप कोरडा हवा, झाकण लगेच घट्ट लावायचं, डबा गॅस आणि कूलर दोन्हींपासून लांब ठेवायचा. फ्रिजमध्येही नको, कारण बाहेर काढून उघडला की आत दव धरतं. ग्लासात आधी पाणी घ्या, मग पावडर टाका, म्हणजे बुडाला गोळा बसत नाही. पावडर ओलसर लागली किंवा वास बदलला असेल तर मात्र पोटात घेऊ नका, फेकून द्या.

आता २१ दिवसांचं. डबा २०० ग्रॅमचा, तुम्ही दोघी बहिणींनी मिळून संपवत आणलात, म्हणजे प्रत्येकीला रोज पाच ग्रॅमच्या आतबाहेर. मात्रेबद्दल माझं काही म्हणणं नाही, कारण अभ्यासांमध्ये रोज अडीच ते दहा ग्रॅम दिलेलं आहे. पण तिथे फरक मोजला तो ८ ते १२ आठवड्यांनी. खाल्लेलं कोलॅजन सरळ गालावर जाऊन बसत नाही. पोटात त्याचे बारीक तुकडे होतात, आणि त्यातून त्वचेच्या आतल्या थरात काही घडायचं तर वेळ लागतो. वरचा थर बदलायलाच साधारण चार आठवडे जातात. शिवाय कोलॅजन बांधायला शरीराला व्हिटॅमिन सी लागतं. त्यासाठी वेगळी गोळी विकत घ्यायची गरज नाही, रोज एक पेरू किंवा आवळा पुरतो.

आणि वांग यानं जात नाहीत. फायदा झालाच तर कोरडेपणा आणि बारीक सुरकुत्यांना थोडाफार होतो. वांगांना उन्हापासून जपणं, सनस्क्रीन आणि त्वचेच्या डॉक्टरांचा सल्ला, हाच मार्ग. कशासाठी हवंय, हे विकतानाच विचारायला हवं होतं. तिथे आम्ही कमी पडलो.

सोबत नेलेल्या १० मिलिग्रॅम बायोटिनबद्दल (हे एक बी जीवनसत्त्व) एक सांगतो. थायरॉइडची तपासणी करणार असाल तर किमान दोन दिवस आधी ते बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा. नाहीतर काही मशीनवर टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला मुख्य आकडा, खोटा कमी दिसतो आणि औषधाचा डोस उगाच बदलला जातो.

फोडलेला खाण्याचा डबा परत घेऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाला देता येत नाही, म्हणून नाही म्हणालो. यापुढे काउंटरवर नीट विचारून, समजावून द्यायची काळजी घेऊ, मुलालाही सांगितलं आहे. बायोटिनची बाटली अजून सीलबंद असेल तर बिल घेऊन या, तिचे पैसे परत देतो. संध्याकाळी सातनंतर मी स्वतः काउंटरवर असतो.