दानाआधी मजुरी

जय ख्रिस्त, ब्रदर. मजुरांचे पैसे थकवणाऱ्या माणसाचं दान मंडळीनं, म्हणजे चर्चनं, घेऊ नये, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की हा गरिबीचा उदोउदो आहे. बायबलमधले अब्राहाम आणि ईयोब गडगंज होते. बायबलच्या मलाखी या पुस्तकात दशमांशावर, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्यावर, आशीर्वादाचं वचन आहे. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक, इंग्लंडचे धर्मोपदेशक जॉन वेस्लीही 'जमेल तितकं कमवा' म्हणाले. आणि अशी पारख करत बसलो तर चर्चच्या छपराला पैसे आणायचे कुठून?

गरिबीला मी पवित्र म्हटलेलं नाही. पोर उपाशी झोपलेल्या आईला गरिबीचे गोडवे कुणी ऐकवू नयेत. प्रश्न एवढाच आहे, की पैसा आणि नीतिमत्त्व दोन्ही राखता येत नाहीत अशी वेळ आली तर सोडायचं काय?

अब्राहामाचंच घ्या. बायबलमधल्या उत्पत्तीचा 14 वा अध्याय काढा, तिथं त्याचं नाव अजून अब्रामच आहे. चार राजांनी सदोम लुटलं, त्याच्या पुतण्याला, लोटाला, धरून नेलं. अब्रामानं घरची 318 माणसं घेऊन पाठलाग केला आणि माणसं, मालमत्ता सगळं सोडवून आणलं. सदोमाचा राजा आपण होऊन म्हणाला, माणसं मला दे, माल तू ठेव. अब्रामानं सुताचा धागा घेतला नाही, वहाणेचा बंदही घेतला नाही. 'अब्रामाला मी श्रीमंत केलं' असं त्या राजाला कधी म्हणता येऊ नये, म्हणून. पण पुढचं वाक्य आपण भरभर वाचून जातो. बरोबर आलेल्या आनेर, अष्कोल आणि मम्रे यांना त्यांचा वाटा मिळालाच पाहिजे, असं तो बजावतो. स्वतःचं सोडलं, सोबत्यांचं सोडलं नाही. दशमांशाचा शास्त्रातला पहिला उल्लेखही याच अध्यायात आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

ईयोब तर 31 व्या अध्यायात स्वतःच स्वतःची झडती घेतो. चाकरांचा हक्क डावलला का, पोरक्याला न देता एकट्यानं घास खाल्ला का, सोन्यावर भिस्त ठेवली का? शेवटी म्हणतो, मोल न देता जमिनीचं पीक खाल्लं असेल, तर गव्हाच्या जागी काटे उगवोत. असा श्रीमंत आपल्या मंडळीत असेल तर त्याचं दान दोन्ही हातांनी घ्यावं.

आता मलाखी. तिसऱ्या अध्यायाचं 10 वं वचन आपल्याकडे दर रविवारी ऐकू येतं. त्याच अध्यायाचं 5 वं वचन तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत? मजुराची मजुरी बुडवणाऱ्याविरुद्ध, विधवा आणि अनाथांना छळणाऱ्याविरुद्ध देव स्वतः साक्षीला उभा राहीन म्हणतो. आधी ते, मग 10 व्या वचनातल्या आशीर्वादाच्या, आकाशाच्या खिडक्या. पाच वचनं गाळून आशीर्वादाकडे जाता येत नाही, आणि हे व्यासपीठावरून सांगितलं जात नाही याचं मला खरोखर दुःख होतं.

वेस्लींचं वाक्यही अर्धंच पसरलंय. 1760 साली छापलेल्या त्याच प्रवचनात ते म्हणतात, कमवा, पण शेजाऱ्याच्या शरीराची, जिवाची हानी करून नाही. दारू विकून वाडे उभारणाऱ्यांबद्दल त्यांनी लिहिलंय, की त्या वाड्याचा पाया, जमीन, भिंती आणि छप्पर रक्तानं माखलेलं आहे.

राहिलं आपलं छप्पर. कापणीच्या सणाला धान्य-भाजीच्या लिलावातून पैसे जमतात, त्यात वेळ लागेल, एखादा पावसाळा गळतीखाली काढावाही लागेल. मला ते चालेल. दात्याला हाकलून द्या असं मात्र मी म्हणत नाही. मत्तय 5:23-24 मध्ये प्रभूनं वाट दाखवली आहे: दान वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. पाळकांनी मंडळीच्या वडीलजनांना घेऊन दात्याच्या घरी जावं, बंद दाराआड प्रेमानं बोलावं. मजुरांचा हिशेब चुकता झाला, की पुढच्याच रविवारी दात्याचं पाकीट स्वीकारावं, रक्कम निम्मी झाली असली तरी.