‘बॅट घालणं म्हणजे पैसे पाण्यात’ हा दावा टिकत नाही

लाकडी चौकटीच्या घरांच्या भिंतींत उष्णता अडवायला काय भरावं, याबद्दल एक दावा सगळीकडे फिरतोय: “स्प्रे फोमच मारा. आर-व्हॅल्यू बॅटच्या दुप्पट, हवा पूर्ण बंद, ओलाव्याची कटकट कायमची मिटते. ग्लासवूलच्या बॅट म्हणजे पैसे पाण्यात.” (बॅट म्हणजे पोकळीत बसवायची काचतंतूंची मऊ गादी; स्प्रे फोम म्हणजे फवारल्यावर फुगून घट्ट होणारा फोम; आर-व्हॅल्यू म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद, जितकी जास्त तितकी चांगली.)

आधी ‘दुप्पट’चं बघू. क्लोज्ड-सेल, म्हणजे बंद कप्प्यांचा कडक फोम इंचाला आर-६ ते ७ देतो हे खरं. ओपन-सेल, म्हणजे उघड्या कप्प्यांचा मऊ फोम मात्र साधारण ३.५ ते ३.८, म्हणजे चांगल्या बॅटइतकाच. शिवाय हे आकडे दांड्यांमधल्या पोकळीपुरते असतात, भिंतीचे नव्हेत. साडेतीन इंची चौकटीत भिंतीचा २५ टक्के भाग लाकडाचा धरा. त्याची आर-व्हॅल्यू जेमतेम ४.४. पोकळीत आर-१३ बॅट घातली, तर लाकूड आणि भराव मिळून ८.७ पडतात. आर-२१ फोम मारला, तर १०.८. भराव ६० टक्क्यांनी वाढला, पण भिंत २४ टक्क्यांनीच सुधारली. उलट आर-१३ बॅट ठेवून बाहेरून आर-५ चा सलग फोमबोर्ड लावला, तर लाकूडही झाकलं जातं आणि आकडा १४ च्या पुढे जातो.

‘हवा पूर्ण बंद’ हेही अर्धसत्य. फोम पोकळी बंद करतो. चौकटीच्या तळपट्टीखालची फट, जोडीने ठोकलेल्या दांड्यांमधली चीर, वरच्या पट्टीतली वायरींची भोकं यांना सीलंट लागतंच, मग भराव कुठलाही असो. आतून बोर्ड ठोकण्याआधी ब्लोअर डोअर (दारात बसवायचा, घरातला हवेचा दाब बदलणारा पंखा) लावून ५० पास्कल दाबाला गळती शोधा.

बॅट बदनाम झाल्या त्या बसवण्यातल्या घाईमुळे. वायर आडवी आली की बॅट तशीच मागे दाबतात, मग पुढे पोकळी राहते आणि तिथे हवा फिरते. बॅट जाडीत मधोमध फाडा; अर्धी वायरीमागे, अर्धी पुढे. स्विचबॉक्सच्या मापाचा तुकडा कापून काढा, पण बॉक्समागे पातळ थर राहू द्या. रुंदी पोकळीपेक्षा सेंटिमीटरभर जास्त ठेवा, म्हणजे ती घट्ट बसते.

ओलाव्याचा दावा सर्वांत घातक. क्लोज्ड-सेल पाणी शोषत नाही, म्हणूनच छपराची गळती खाली दिसत नाही आणि वरचं लाकूड गुपचूप कुजतं. ओल्या लाकडावर तर फोम धरतच नाही. ओलावा १९ टक्क्यांच्या आत हवा. आयसोसायनेट आणि पॉलिओल या फोमच्या दोन द्रवांचं मिश्रण १:१ हवं. प्रमाण बिघडलं की फोम ठिसूळ किंवा लिबलिबीत होतो आणि वास जात नाही. एका थरात दोन इंचांहून जास्त मारला तर आत उष्णता कोंडून तो करपतो, पेटूही शकतो. बॅट चुकली तर उपसून पुन्हा बसवता येते, फोम खरवडावा लागतो.

जोत्यालगतचा कडेचा दांडा, वेडीवाकडी दगडी तळघराची भिंत, कमी जाडीचं बिनवायुवीजनाचं छप्पर: इथे क्लोज्ड-सेलच घ्या. मात्र राहत्या भागात तो उघडा सोडू नका, १२.५ मिलिमीटर जिप्सम बोर्डने झाका.