लोकल थांबली ते बरोबरच झालं

कुर्ला-सायनला रुळांवर पाणी आलं की तासाभरात फेसबुकवर ठरलेल्या पोस्टी पडतात. निम्म्या रेल्वेला शिव्या घालणाऱ्या, निम्म्या ‘मुंबई स्पिरिट’ची आरती ओवाळणाऱ्या. मला दोन्ही पटत नाहीत. गाडी थांबली ते बरोबरच झालं. राग धरायचाच असेल तर अशा दिवशी आपल्याला त्या गाडीत चढायला लावलं कुणी, त्याचा धरा.

आधी ती का थांबते, ते बघू. रुळाच्या वर साधारण चार इंच पाणी चढलं की लोकल पुढे न्यायची नाही, असा दंडक आहे. मोटारी डब्याच्या खाली, चाकांजवळ असतात. त्यांत पाणी गेलं की गाडी तिथेच बसते. पण बहुतेक वेळा त्याच्या आधीच सिग्नल जातात. रुळांतून बारीकसा वीजप्रवाह सोडलेला असतो. गाडी आली की तो चाकांतून वळतो आणि यंत्रणेला कळतं की इथे गाडी उभी आहे. साचलेलं पाणीही तेच करतं. रूळ रिकामे असूनही गाडी असल्यासारखं दिसतं आणि सिग्नल लाल होतो. हा बिघाड आपला जीव वाचवणारा आहे, हे विसरू नका. मोटरमन थांबतो, मग अगदी गोगलगायीसारखी गाडी पुढे काढतो. ऐन गर्दीत तीन-चार मिनिटांना एक गाडी सुटत असते, त्यामुळे पहिली रांगायला लागली की मागच्या सगळ्या एकामागे एक उभ्या राहतात. त्याही फलाटाला लागून नाही, दोन स्टेशनांच्या मध्ये.

पाणी साचतंही त्याच त्याच जागी. कुर्ला, सायन, चुनाभट्टी हा पट्टा सखल, त्यात मिठी नदी शेजारी. मिठी माहीमच्या खाडीला मिळते आणि भरती मोठी असली की खाडीच तिला मागे रेटते. मशीद-सँडहर्स्ट रोडला आजूबाजूचे रस्ते वर आणि रूळ खाली. शहराची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली. पावसाचं पाणी वाहून नेण्याच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ योजनेचा १९९३ चा अहवाल म्हणाला, हे ५० करा. आठ पंपिंग स्टेशनं ठरली, सहा झाली, मोगरा आणि माहुल वर्षानुवर्षं रखडली.

आता हिशेब करा. ८ जुलै २०२४ ला रात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. सरासरीच तासाला ५०. म्हणजे कागदावरची सगळी क्षमता, सलग सहा तास. २६ जुलै २००५ चं तर बोलायलाच नको, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३! दक्षिण मुंबईतल्या केबिनच्या खिडकीतून पाऊस मोजणाऱ्या साहेबांना हा आकडा कुणीतरी फ्रेम करून द्यावा.

गटारं मोठी व्हायला हवीतच, पण ती माझ्या हयातीत होतील असं मी धरून चालत नाही. दुसरी एक गोष्ट मात्र याच पावसाळ्यात होऊ शकते. साडेचार मीटरच्या वरची भरती कोणत्या दिवशी, किती वाजता, याची यादी पालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. हवामान खात्याचा रेड अलर्ट येतो. तो कधीकधी साफ फसतो, शाळांना सुट्टी आणि बाहेर कडक ऊन, मग दिवसभर विनोद. चालेल मला. फुकट गेलेली सुट्टी परवडते. आज मात्र सुट्टी जाहीर होते तेव्हा बदलापूर, आसनगाव, विरारची पहिली खेप डब्यात चढून बसलेली असते. आमच्या लेडीज डब्यात मग एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळापत्रकाच्या अ‍ॅपवरचा चॅट उघडतो. एक लिहितो, ‘सायनला काही नाही, बिनधास्त या.’ खालीच दुसरा, ‘गुडघाभर आहे.’ आणि फलाटावर तीच घोषणा, गाड्या उशिराने धावत आहेत, दिलगीर आहोत. बंद असेल तर बंद म्हणा ना! ‘उशिराने’ ऐकून माणूस थांबून राहतो, ‘बंद’ ऐकलं की घरी वळतो.

१९ ऑगस्ट २०२५ आठवून पाहा. सरकारी कार्यालयांना सुट्टी होती, खासगी कंपन्यांना ‘घरून काम द्या’ अशी सूचना. हुकूम नाही, सूचना. हार्बर लाइनची लोकल बंद पडली, लोक मोनोरेलवर लोटले, भार जास्त झाला आणि संध्याकाळी ती चेंबूर ते भक्ती पार्कच्या मध्ये, वरच्या वर अडकली. पाचशेच्या वर माणसं अग्निशमन दलाने शिड्या लावून उतरवली. सुट्टीच्या दिवशी एका मोनोत इतकी माणसं कोण होती? ज्यांच्या कामाला लॅपटॉप लागत नाही ती. वॉचमन, आया, दुकानातली पोरं, हजेरी लागली तरच पगार मिळतो अशी.

म्हणून सूचनेचा हुकूम झाला पाहिजे, आदल्या रात्री झाला पाहिजे, आणि त्या दिवसाचा पगार कापता येणार नाही हे त्यात लिहिलेलं पाहिजे. हॉस्पिटल, अग्निशमन, पाणी, वीज सोडून. रेल्वेनेही पाणी चढायला लागलं की मागच्या गाड्या फलाटावरच रोखून धरायच्या, पुढे रेटायच्या नाहीत. लोक मध्येच उड्या मारून रुळांतून दादरकडे चालायला लागतात ते हौस म्हणून नाही.

सरकार करेल तेव्हा करेल. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मागच्या अशाच एका दिवशी दुपारी मेसेज होता, ‘आज कुणाकडेच मावशी आल्या नाहीत, खाडे मांडून ठेवा.’ लिहिणाऱ्या ताई त्या दिवशी घरून काम करत होत्या, पूर्ण पगारावर. खाली सात-आठ अंगठे पडले होते.