‘समज दिली’ म्हणजे तक्रार निकाली निघाली का?

सार्वजनिक वाहतूक सेवेकडे भेदभावाची तक्रार केली की बहुतेक वेळा ठरलेल्या साच्यातले उत्तर येते : ‘आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली असून संबंधित कर्मचाऱ्यास समज देण्यात आली आहे.’ या उत्तराच्या कोरडेपणाबद्दल माझे फारसे म्हणणे नाही, कारण कार्यालयीन पत्रे कोरडीच असतात. माझा आक्षेप आहे तो तक्रार हाती पडताक्षणी ती ‘कर्मचाऱ्याचे उद्धट वर्तन’ या सदरात टाकली जाते याला. एकदा ती त्या सदरात गेली की पुढची सगळी चौकशी चालक किंवा वाहक प्रवाशाला तोडून बोलला का, एवढ्याच प्रश्नाभोवती फिरते, आणि तो तसे बोलला नसेल तर ‘तक्रारीत तथ्य आढळले नाही’ असा शेरा मारून फाईल बंद होते.

वास्तविक उद्धटपणा आणि भेदभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा वाहक सगळ्यांवरच खेकसत असेल, तर तो वाईट कर्मचारी आहे, पण भेदभाव करणारा असेलच असे नाही. उलट, अतिशय नम्रपणे ‘पुढच्या बसने या, व्हीलचेअर चढवण्याचा रॅम्प चालत नाही’ असे सांगणारा चालक रोज तेच सांगत असेल, किंवा भरलेल्या डब्यात विशिष्ट पेहरावाच्या दोघांकडेच तिकीट मागून तपासनीस शांतपणे पुढे निघून जात असेल, तर तिथे आवाज चढलेला नसला तरी भेदभाव झालेला असू शकतो. म्हणून चौकशीचा पहिला प्रश्न ‘तो कसा बोलला’ हा नसून ‘त्याच परिस्थितीत इतर प्रवाशांना जी वागणूक मिळाली, ती या प्रवाशाला मिळाली का, आणि नसेल तर का’ हा असायला हवा. प्रवाशाची गरजच वेगळी असेल, तर ती भागवण्याची व्यवस्था होती का, हेही विचारावे लागते.

ब्रिटनमधील एक प्रकरण या दृष्टीने मुळातून समजून घेण्यासारखे आहे. २०१२ च्या फेब्रुवारीत डग पॉली हे व्हीलचेअर वापरणारे गृहस्थ वेदरबीहून लीड्सला जाण्यासाठी बस थांब्यावर होते. बसमध्ये व्हीलचेअरसाठी राखून ठेवलेल्या जागेत एका महिलेने झोपलेल्या बाळाची गाडी लावली होती. चालकाने तिला जागा देण्याची विनंती केली. गाडीची घडी होत नाही असे सांगून तिने नकार दिला, आणि पॉली यांना मागे राहावे लागले. पुढची बस मिळाली, पण लीड्सहून पुढे जाणारी रेल्वेगाडी चुकली. या प्रसंगात चालक उर्मटपणे वागल्याचा प्रश्नच नव्हता. त्याने विनंती केली होती आणि कंपनीच्या धोरणातही विनंतीपलीकडे काही करावे असे नव्हते. प्रश्न त्या धोरणाचा होता. जानेवारी २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नुसती विनंती करून थांबणे पुरेसे नाही असे ठरवले : नकार अवाजवी वाटत असेल तर चालकाने अधिक ठामपणे सांगावे, आणि गरज पडल्यास काही मिनिटे बस पुढे न नेता दबाव आणण्याचाही विचार करावा. (नुकसानभरपाई मात्र त्यांना मिळाली नाही, हेही सांगायला हवे.) हीच तक्रार ‘वर्तन’ या सदरात गेली असती, तर चालकाच्या बाजूने निकाल लागून पाच मिनिटांत संपली असती.

सदराइतकाच घोळ तक्रारीच्या अर्जातही असतो. माझ्या ओळखीचे एक दृष्टिहीन गृहस्थ थांब्यावर पांढरी काठी पुढे धरून उभे असताना बस जरा हळू झाली आणि न थांबता निघून गेली. शेजारी उभ्या असलेल्या प्रवाशाने हे पाहिले आणि त्यांना सांगितले. तक्रार नोंदवायला ते बसले, तेव्हा अर्जात तीन रकाने भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हते : वाहन क्रमांक, तिकीट क्रमांक आणि कर्मचाऱ्याचा बिल्ला क्रमांक. ज्याला दिसत नाही त्याने वाहन क्रमांक कसा वाचावा, आणि ज्याला बसमध्ये घेतलेच नाही त्याच्याकडे तिकीट कुठून असावे, याचा विचार अर्ज तयार करणाऱ्याने केलेला नव्हता. थांबा, मार्ग आणि अंदाजे वेळ एवढे सांगितले तरी बस कोणती आणि तिच्यावर कोण होते हे सेवेला आपल्याच नोंदींवरून काढता येते. ते काम प्रवाशावर ढकलणे म्हणजे तक्रार दारातच अडवणे होय.

पुराव्याचेही तसेच आहे. बसमधील कॅमेऱ्याचे चित्रण, जीपीएसच्या नोंदी, रॅम्प केव्हा उघडला याची नोंद, हे सर्व सेवेच्या ताब्यात असते, आणि चित्रण तर ठरावीक काळाने आपोआप पुसले जाते. म्हणून तक्रार आली त्याच दिवशी, ती खरी की खोटी हे ठरवण्याच्या आधी, चित्रण बाजूला काढून ठेवणे हे तक्रार विभागाचे पहिले काम असले पाहिजे. प्रवाशाकडे पुरावा मागत बसायचे आणि तोवर आपल्याकडचा पुरावा पुसला जाऊ द्यायचा, याला चौकशी म्हणता येणार नाही. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात न्यायालयांसाठी एक चांगला नियम आहे : भेदभाव झाला असावा असे दाखवणारी प्राथमिक वस्तुस्थिती पुढे आली, की तसे झाले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्या पक्षावर जाते. खात्यांतर्गत चौकशीतही हे तत्त्व वापरायला कोणाची हरकत नसावी.

एकेक तक्रार सुटी पाहिली की तिच्यामागचा नियम दिसत नाही. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात मे १९५४ मध्ये, म्हणजे बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार देणाऱ्या कृष्णवर्णीय रोझा पार्क्स यांच्या अटकेच्या सुमारे दीड वर्ष आधी, विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या कृष्णवर्णीय महिलांच्या संघटनेच्या जो ॲन रॉबिन्सन यांनी महापौरांना एक पत्र लिहिले होते. आसनांची व्यवस्था बदलावी. कृष्णवर्णीय प्रवाशांना पुढच्या दाराशी भाडे भरून, खाली उतरून, मागच्या दाराने चढायला लावू नये. आणि गोऱ्यांच्या वस्तीत बस जशी प्रत्येक कोपऱ्यावर थांबते तशी ती आमच्याही वस्तीत थांबावी, अशा त्या मागण्या होत्या. तिसऱ्या बाबतीत काही भागांत थोडी सुधारणा झाल्याची नोंद त्याच पत्रात आहे. बाकीच्या दोन्ही गोष्टी तशाच चालू राहिल्या, आणि पुढे बससेवेवर ३८१ दिवसांचा बहिष्कार आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंतचा खटला झाला. चालकांना कितीही वेळा समज दिली असती तरी तिथे फरक पडला नसता, कारण ते नियमाप्रमाणेच वागत होते.

म्हणून तक्रारींची नोंदवही नीट ठेवणे हे मला कारकुनी काम वाटत नाही. मार्ग, थांबा, वेळ आणि तक्रारीचे स्वरूप यांनुसार नोंदी पाहिल्या, तर एकाच मार्गावर रॅम्प नेहमी का ‘बिघडतो’ हे कळते. अमेरिकेत केंद्राचे अनुदान घेणाऱ्या वाहतूक संस्थांना अपंगत्वाविषयीच्या तक्रारी एक वर्ष आणि त्यांचा गोषवारा पाच वर्षे जपून ठेवावा लागतो. उत्तराच्या मुदतीबाबत युरोपीय संघाचा बस प्रवाशांविषयीचा २०११ चा नियम स्पष्ट आहे : तक्रार मान्य, अमान्य की विचाराधीन हे एका महिन्यात कळवायचे आणि अंतिम उत्तर तीन महिन्यांत द्यायचे. मुदतीबरोबरच उत्तरात कारणेही हवीत. कोणते चित्रण पाहिले, कोणाचे म्हणणे घेतले आणि कशावरून निष्कर्ष काढला, हे कर्मचाऱ्याचे नाव उघड न करताही लिहिता येते.

आता कर्मचाऱ्यांविषयी. तक्रार झाली म्हणजे चालक दोषी ठरला असे मानणे मलाही मान्य नाही. त्याला तक्रारीची प्रत मिळावी, म्हणणे मांडण्याची संधी मिळावी, आणि चौकशी त्याच्या रोजच्या वरिष्ठाकडे नसावी. वरिष्ठ त्याला सांभाळून घेईल ही भीती असतेच. पण दोष वेळापत्रकाचा असेल, तर वेळापत्रक आखणाराच चौकशी अधिकारी होऊन बसेल, ही मला अधिक मोठी अडचण वाटते. रॅम्प उघडून व्हीलचेअर आत घेऊन ती बांधायला वेळ लागतो. तो वेळ वेळापत्रकात धरलेलाच नसेल आणि उशिराबद्दल चालकाला जाब द्यावा लागत असेल, तर थांबा टाळण्याची सक्ती आपणच त्याच्यावर करत असतो. अशा प्रकरणात चौकशीच्या शेवटी चालकाच्या सेवापुस्तकात शेरा मारण्याऐवजी त्या मार्गाच्या फेरीची वेळ वाढवण्याचा आदेश निघायला हवा, आणि तो निघाल्याचे तक्रारदारालाही कळवायला हवे.