दूध पिऊन आतडं धुतलं जात नाही, आत्या!

मंगळवारी पहाटे आत्यानं कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या कट्ट्यावरून धारोष्ण दूध मागवलं, त्यात दोन चमचे एरंडेल घातलं आणि नाक दाबून पेला रिकामा केला. साडेनऊला आम्ही कॅप्सूल एंडोस्कोपीसाठी, म्हणजे कॅमेऱ्याची गोळी गिळून लहान आतडं बघायच्या तपासणीसाठी, हजर. सिस्टरनी विचारलं, "काही खाल्लंय?" आत्या म्हणाली, "छे, नुसतं दूध." तपासणी रद्द!

हा उद्योग भिशीच्या ग्रुपवरच्या मेसेजचा. त्यात लिहिलेलं: आतडं धुवायच्या डॉक्टरांच्या पुडीनं किडनी जाते, त्यापेक्षा दूध-एरंडेल घ्या. रक्तवाढीच्या गोळ्या सोडू नका. कॅप्सूल आत अडकते. साध्या दुर्बिणीत सगळं दिसतंच, बाकी पैसे काढायचे धंदे.

आधी दूध. अडीच सेंटिमीटरची ती कॅप्सूल आठ-दहा तास फोटो काढत आतड्यातून सरकते. तिला पाणी मारता येत नाही, काच पुसता येत नाही. आणि दूध पोटात गेलं की त्याचं दही होतं. पोटाच्या हिशेबी ते जेवणच. त्यात म्हशीचं, वर तेल! मोबाइलच्या कॅमेऱ्यावर तुपाचं बोट फिरवा आणि फोटो काढून बघा. बलूनवाली एंटेरोस्कोपी, म्हणजे फुग्याच्या आधारानं लांब दुर्बीण लहान आतड्यात सरकवायची तपासणी, असती तर गुंगी दिली असती. गुंगीत पोटातलं उलटून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

किडनीचं म्हणाल तर जुलाबाच्या फॉस्फेटवाल्या औषधांनी काहींना त्रास झाला, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, २००८ मध्ये इशाराही दिला. एवढं खरं. पण आत्याची पुडी पीईजीची (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, पाण्यात कालवून प्यायचं), ते औषधच वेगळं. युरोपच्या जठरांत्र एंडोस्कोपी संघटनेनं २०१८ मध्ये कॅप्सूलआधी दोन लिटर पीईजी घ्यायची स्पष्ट शिफारस केलीय.

रक्तवाढीच्या, म्हणजे लोहाच्या गोळ्यांनी आत सगळं काळं होतं, म्हणून त्या काही दिवस आधी थांबवायला सांगतात. रक्तस्राव शोधायला निघालोय आणि आत डांबर!

कॅप्सूल अडकते, कबूल. शंभरात एखाद-दुसऱ्याला; क्षयानं किंवा क्रोन्सनं (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार) आतडं अरुंद झालं असेल तर जास्त. तशी शंका असली की आधी विरघळणारी कॅप्सूल देऊन वाट तपासतात.

आणि साधी दुर्बीण? वरची लहान आतड्याच्या तोंडाशी थांबते, खालची मोठ्या आतड्यापलीकडं फारशी जात नाही. मधलं पाच-सहा मीटर कोण बघणार? आत्याच्या दोन्ही झाल्या, तरी रक्त कुठं जातंय ते सापडेना, म्हणून तर हे.

आता गुरुवारची तारीख मिळालीय. तो मेसेज आत्यानंही चार ग्रुपवर ढकललाय. काढून टाक म्हटलं तर म्हणते, "कसा काढू? खाली सगळ्यांनी हात जोडलेत."