विमान लवकर सोडवण्याचे हुकमी उपाय

गेल्या आठवड्यात नागपूरहून पुण्याला येताना आमचं विमान 'तांत्रिक कारणामुळे' अडीच तास जागचं हललं नाही. आम्ही आत, पट्टे बांधलेले, एसी नावाला. त्या अडीच तासांत सहप्रवाशांकडून जे ज्ञान मिळालं ते तुमच्यासाठी.

खाली इंजिनिअर टॉर्च घेऊन वाकलेला दिसला की खिडकीतून त्याचा व्हिडिओ काढा. कोणी शूटिंग करतंय म्हटलं की नट-बोल्ट आपोआप पिळले जातात.

एअर होस्टेसला दर पाच मिनिटांनी 'अजून किती?' विचारा. दुरुस्ती तीच तर करतेय.

आपल्या कारचा दाखला द्या. माझ्या शेजारचे काका म्हणाले, "आमच्या गाडीत इंजिनचा दिवा सहा महिने पेटलाय. मी वर टेप मारली. काय होतंय?" खरंय काका. १९९६ साली पेरूतल्या लिमाला विमान धुताना हवेचा दाब मोजणाऱ्या छिद्रांवर टेप लावली होती, ती काढायचीच राहिली. रात्री समुद्रावर वैमानिकांना ना उंची कळे ना वेग. ७० माणसं गेली. टेप मात्र अवशेषांवरही चिकटून होती.

ग्रीस? पुढच्या खेपेला लावू. (अलास्का एअरलाइन्स, जानेवारी २०००: शेपटातला स्क्रू ग्रीसविना झिजला, मृत ८८.)

आणि 'एक बोल्टच तर आहे, बसवा कुठलाही' हे वाक्य पाठच करा. १० जून १९९०, बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान. २७ तास आधी कॉकपिटची काच बदललेली. रात्रपाळीला माणसं कमी, म्हणून पाळीप्रमुख स्वतःच कामाला भिडला. स्टोअरवाल्याने बरोबर नंबर सांगितला होता हो! तरी याने जुना बोल्ट हातात धरून, अंधुक उजेडात, खणातून तसलेच दिसणारे उचलले. कॅटलॉग उघडला नाही. ९० पैकी ८४ बोल्ट बारीक निघाले. किती बारीक? पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. १७,३०० फुटांवर काच उडाली, कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला, आणि विमान साउदॅम्प्टनला उतरेपर्यंत केबिन क्रू त्याचे पाय धरून बसला. वाचला तो, पण त्यात बोल्टांची काही पुण्याई नव्हती. आणि तुम्ही विचारता, एवढा वेळ का लागतो? पुस्तक उघडून नंबर जुळवतोय तो, म्हणून लागतो!

जाऊ दे. उपाय-बिपाय पुरे.

तो इंजिनिअर वर आला तेव्हा त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. हातातल्या लॉगवर त्याला सही करायची होती, आणि त्या सहीच्या भरवशावर आपण सगळे तीस-पस्तीस हजार फुटांवर जाणार होतो. सहप्रवाशांनो, त्याला 'नोकरी घालवीन तुझी' म्हणताना लाज नाही वाटली? उद्या त्याने घाबरून न बघताच सही ठोकली तर? आणि कंपनीवाल्यांनो, तुम्हीही मान डोलावू नका. विमान अर्ध्या तासात परत फिरवण्याची घाई तुमची, आणि उशीर झाला की शिव्या खायला पुढे त्याला करता. वर आम्हाला एक गार सँडविच देऊन मोकळे. एवढीच घाई असेल तर ट्रॅव्हल्सने या, रोज रात्री सुटतात.

शेवटी त्याने सही केली. विमानाने धावपट्टी सोडली नाही तोच काका घोरायला लागले, ते थेट पुण्यापर्यंत.